चावी द्यावी की देऊ नये

आमच्या घरातला जुना ग्रामोफोन दुरुस्त करावा की नाही, या प्रश्नावर गेल्या वर्षभरात जेवढी खलबतं झाली तेवढी १८०२ सालच्या डिसेंबरात वसईच्या तहावरही झाली नसतील. त्या तहात निदान दोनच पक्ष होते, आणि त्यातला एक पुण्याहून पळून आलेला होता. आमच्याकडे पक्ष पाच, आणि पळून जायला कुणालाच जागा नाही. मेव्हण्याचं मत, चोरबाजारात विकून टाकावा. मुलाचं मत, वरून पॉलिश मारून नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवावा, आत यंत्र असलं काय आणि नसलं काय. हिचं मत ग्रामोफोनविषयी नाहीच. ज्या कपाटावर तो बसला आहे ते कपाट आधी काढा एवढंच तिचं म्हणणं. आमची आत्या, वय वर्षं शहाऐंशी, म्हणते, "वाजत नसेल तर ठेवता कशाला, आणि वाजत असेल तर विकता कशाला?" या सवालाला उत्तर देणारा वकील वसई कोर्टात अजून जन्माला यायचा आहे. पाचवा पक्ष मी. मला मत नव्हतं, म्हणून निर्णय माझ्यावर सोपवण्यात आला. आपल्याकडे समित्यांचे अध्यक्ष असेच नेमतात.

घाई अशासाठी की पापडीजवळचं आमचं कौलारू घर येत्या दिवाळीनंतर पडणार, तिथे सात मजले उभे राहणार आणि त्यातल्या तिसऱ्यावर आम्ही राहायला जाणार. घर सोडताना माणसाला कळतं की आपल्याकडे वस्तू किती आणि कारणं किती कमी आहेत. पाटा गेला, जातं गेलं, चार माणसांनी उचलायचा पितळी बंब मोडीत गेला. ग्रामोफोनपाशी गाडं अडलं.

आता ग्रामोफोन म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कमळाच्या फुलासारखा कर्णा आणि त्यापुढे मान वाकडी करून बसलेला कुत्रा आला असेल. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्याही येतो, आणि मग त्यांची फार निराशा होते. आमचा ग्रामोफोन पेटीवजा आहे. काळ्या कातडी कापडाची बॅग, झाकण उघडलं की तबकडी फिरायची थाळी, आणि कर्णा जो काय आहे तो पेटीच्या पोटात. अशा यंत्रांना 'पोर्टेबल' म्हणत. हा शब्द ज्याने शोधला त्याने ती पेटी विरार लोकलमधून वसई रोडला उतरवून पुलावरून एकदा तरी न्यायला हवी होती. आमच्या आजोबांनी ती १९४६ साली मुंबईहून जुनीच विकत घेऊन तशी आणली. त्यानंतर त्यांचा उजवा खांदा कायम थोडा खाली राहिला आणि आजी तो खांदा पाहुण्यांना ग्रामोफोनच्याच अभिमानाने दाखवीत असे.

त्या कुत्र्याचीही गंमत सांगण्यासारखी आहे. त्याचं नाव निपर. तो वारला १८९५ साली, आणि फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराने त्याचं ते जगप्रसिद्ध चित्र काढलं त्यानंतर तीन वर्षांनी. त्या चित्रात मुळात ग्रामोफोन नव्हताच, एडिसनच्या पद्धतीचा नळकांड्याचा फोनोग्राफ होता. पुढे १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतलं ते यंत्र बदलून देण्याच्या बोलीवर. बॅरॉडने फोनोग्राफवर रंग फासून वर ग्रामोफोन काढला. म्हणजे जुनी वस्तू नीटनेटकी करताना तिचं भलतंच काहीतरी करून ठेवायचं, हा प्रकार या धंद्यात पहिल्या दिवसापासून चालत आला आहे.

हल्ली तर त्याला ऊत आला आहे. मुंबईतल्या ज्या हॉटेलात जुन्या काळाचं वातावरण म्हणून काळे-पांढरे फोटो लावतात आणि वरणभाताला चारशे रुपये घेतात, तिथे दाराशी एक ग्रामोफोन हटकून असतो. पितळेचा कर्णा लखलखीत, पेटी कालपरवा रंधा मारलेली, आणि साउंडबॉक्स कुठल्या तरी मोडक्या पोर्टेबलचा उपटून आणलेला. तो वाजत नाही, आणि वाजला तर ऐकवत नाही. एकदा मी वेटरला विचारलं, "हा चालतो का?" तो म्हणाला, "साहेब, थाळी हवी तर ती आत मिळेल." ग्रामोफोनच्या तबकडीला आमच्या लहानपणी कुणी प्लेट म्हणत, कुणी थाळी. त्या पोराच्या मराठीत थाळीचा एकच अर्थ उरला आहे. मुलाच्या पॉलिशवाल्या सूचनेला मी विरोध केला तो त्या दिवशी. वाजणारं यंत्र मुकं करून दिवाणखान्यात बसवणं हे पेन्शनरला टाय बांधून रिसेप्शनला बसवण्यासारखं आहे.

विकण्याच्या सूचनेचा निकाल मात्र पावसाने लावला होता. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पट्टा पाण्याखाली गेला, गाड्या बंद पडल्या, आणि आमच्या आळीत वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. पहिल्या संध्याकाळपर्यंत घरातले सगळे मोबाईल मिटले. त्यात मुलाने साठवलेली साडेतीन हजार गाणी होती, तीही त्याबरोबर मिटली. मेणबत्तीच्या उजेडात आत्या कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याला कुठे लागते वीज?" खरंच होतं. अख्ख्या आळीत विजेवाचून गाऊ शकेल असं एकच यंत्र होतं, आणि त्याला चावी द्यायला गेलो तर दांडा नुसताच गरागरा फिरला. स्प्रिंग तुटलेली. तो आवाज मला अजून आठवतो. रिकाम्या विहिरीवरचा रहाट फिरावा तसा. तेव्हापासून मेव्हण्याने चोरबाजाराचं नाव काढलं की मी त्याला पावसाळ्याचा महिना विचारतो.

पण यंत्र दुरुस्त करायचं म्हणजे त्यावर वाजवायचं काय, हा प्रश्न आलाच. भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं फोनवर फुकट आहे, खरखर काढून स्वच्छ केलेलं." त्याला उडवून लावणं सोपं नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची संस्था निघाली. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तिच्यात वर्षानुवर्षं खपून, मोडीत निघालेल्या तबकड्या गोळा केल्या, त्यांच्या याद्या केल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं. अशी माणसं नसती तर पुष्कळ गायकांची नुसती नावं उरली असती. त्यामुळे "खरी मजा आमच्या यंत्रातच" असा कांगावा मी करणार नाही. उलट, नीट उतरवून घेतलेली तबकडी फोनवर जास्त स्पष्ट ऐकू येते हे मान्य करायला हवं. आमच्या पेटीचा आवाज कपाटात कोंडलेल्या पाहुण्यासारखा येतो.

शिवाय आमचं यंत्र तबकडी वाजवतं म्हणजे थोडी खातंही. या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याच देशातली, झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी छापत. पूड मुद्दाम खरखरीत ठेवलेली असे, म्हणजे लोखंडी पिन झिजून खोबणीच्या आकाराची व्हावी. पिन एका बाजूपुरती; बाजू संपली की पिन फेकायची. वरून साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमहून अधिक, तेही सगळं त्या सुईच्या टोकावर. आजच्या विजेच्या प्लेयरची सुई दोन-चार ग्रॅमवर भागवते. म्हणजे आजोबांनी एखादं पद शंभर वेळा ऐकलं ते शंभर वेळा किसणीवर धरून ऐकलं. रसिकता आणि खोबरं यांत फरक करायला आमचं यंत्र शिकलेलंच नाही.

तेव्हा पेटीतल्या तबकड्या काढून एकेक पाहणं आलं. निघाल्या एकोणतीस. त्यातल्या सहा फुटक्या, चार कुठल्याशा विनोदी संवादांच्या. त्या ऐकून आमच्या आजोबांची पिढी कशाकशाला हसत होती ते कळतं आणि त्या पिढीविषयीचा आदर कमी होतो. एक जी. एन. जोशींची, ना. घ. देशपांड्यांच्या 'शीळ' या कवितेची. तिच्यापासून मराठी भावगीताचं दुकान थाटलं गेलं असं म्हणतात. पुढे त्या दुकानात कायकाय खपलं त्याचा दोष तिला देता येत नाही. आणि अकरा बालगंधर्वांच्या.

बालगंधर्वांविषयी बोलताना एक अडचण असते. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिलं ते म्हणत, "अहो, तबकडीवर काय कळणार? तो शालू, ते अत्तर, ते वन्स मोअर!" आम्ही गप्प बसत असू. आता ते म्हणणारे गेले आणि तबकडीच उरली, तेव्हा थोडं बोलायला हरकत नाही. माझं मत असं की तबकडीने बालगंधर्वांवर उपकार केले. रंगभूमीवर एक पद प्रेक्षक मागतील तेवढं लांबायचं, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांची. तिच्यात शालू नाही, अत्तर नाही. तिथे गायकाला निवड करावी लागते: ही तान घ्यायची की ती सोडायची, शब्द आधी की स्वर आधी. 'स्वयंवर'मधल्या पदांच्या तबकड्या ऐका. शब्द सांगता सांगता लय हातातून सुटल्यासारखी वाटते आणि नेमकी समेला घरी येते. इतकं काटकसरीचं गाणं त्यांच्याकडून थिएटरात कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. आणि 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा १९२२ साली गेले आणि स्वतःच्या गळ्यातला एक स्वरही मागे तबकडीवर ठेवून गेले नाहीत. तेवढ्या मोठ्या माणसाचं डोकं आज ऐकायचं तर या शिष्याच्या सव्वातीन मिनिटांतच ऐकावं लागतं.

सगळ्यांनाच ही काटकसर मानवली असं मात्र नाही. ख्यालगायकांच्या पुष्कळ तबकड्या म्हणजे गाडी सुटताना फलाटावर घेतलेला निरोप. विलंबित गायबच, आलाप तोंडी लावण्यापुरता, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ताना अशा कोसळतात की वाटतं, बुवांना स्टुडिओचं भाडं मिनिटावर पडत असावं. त्यात १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण निघेपर्यंत मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. तिथे तंबोऱ्याची जवारी कोण ऐकणार! अगदी पहिल्या काळात तर तबकड्या छापायला जर्मनीत जात, तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताच आपलं नाव ओरडून सांगायची पद्धत होती. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजाननेही आपलं नाव इंग्रजीत असंच ठणकावून सांगितलं. हल्ली कार्यक्रमात निवेदक वीस मिनिटं नाव सांगतो आणि गाणं तीन मिनिटं होतं, त्यापेक्षा ती पद्धत बरी.

अपवाद केसरबाई केरकर. एकोणतिसांत त्यांची एकच तबकडी आहे, भैरवीची नव्हे. पण त्यांच्या भैरवीचं काय झालं ते ठाऊक असेलच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली, त्यांच्यावर पृथ्वीचा आवाज म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली, आणि भारतातर्फे तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी घातली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. साडेतीन मिनिटांतसुद्धा या बाईंना कसली घाई नाही. आकार असा रुंद लागतो की मोठ्या वाड्याचा दरवाजा कुणी सावकाश उघडतो आहे. ही निवड ज्यांनी केली त्यांना मी मनोमन नमस्कार करतो, आणि त्यांच्या व्यवहारज्ञानालाही, कारण तबकडीबरोबर त्यांनी पिनही पाठवली आणि झाकणावर ती कशी वाजवायची याची आकृती काढली. परग्रहावरच्या लोकांची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी आमच्या आजोबांनी आमची घेतली नाही. पेटीतल्या डबीत पिनांऐवजी गंजाचा भुगा निघाला.

असो. आता आत्याकडे येतो, कारण खरा खटला तिथेच आहे.

आत्याला गाणं शिकायचं होतं. आमच्या घरात मुलीने गाणं शिकायची पद्धत नव्हती. ऐकायला मनाई नव्हती. तेव्हा ती प्लेटवर शिकली. माझे वडील चावी देत आणि ती समोर बसून बालगंधर्वांची पदं गळ्यात उतरवीत असे. अकरा प्लेटा म्हणजे बावीस पदं; तिच्या गाण्याचा सगळा अभ्यासक्रम एवढाच. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला ती गात असे, आणि आम्ही भाचरं ते गाणं ऐकतच मोठी झालो. तिच्या गाण्याची दोन वैशिष्ट्यं सगळ्या आळीला माहीत होती. 'स्वयंवर'च्या एका पदात ती एक ओळ अर्ध्यावर तोडून पुन्हा घेई आणि मग दोन शब्द गाळून पुढे उडी मारी. आणि प्रत्येक पदाचा शेवट ती हळूहळू, थोडा उतरता, जड करीत नेई. शेजारचे एक हेडमास्तर त्यावर डोळे मिटून म्हणत, "काय ठेहराव आहे!"

ही तबकडी परवा भाच्याने फोनवर शोधून लावली, स्वच्छ केलेली. आत्याने कान देऊन ऐकली आणि म्हणाली, "चूक गातोय." भाचा म्हणाला, "आत्याआजी, अगं, बालगंधर्व आहेत!" ती म्हणाली, "असतील. पण ती ओळ दोनदा आहे."

मी आमची तबकडी उजेडात धरून पाहिली. नेमक्या त्या जागी आडवी चीर. पिन तिथे अडे, मागच्या खोबणीत घसरे, ओळ पुन्हा वाजे, आणि माझे वडील दुसऱ्या वेळी बोटाने दांडी पुढे ढकलीत. गाळलेले दोन शब्द म्हणजे वडिलांचं बोट. आणि तो ठेहराव म्हणजे सैल पडत चाललेली स्प्रिंग. थाळीने मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घ्यायचे. त्यात सुमारे साडेचार फेरे कमी पडले की गाणं अर्ध्या स्वराने उतरतं, काळी चारचं पांढरी पाचवर येतं. आमच्या स्प्रिंगला सव्वातीन मिनिटं दम निघत नसे, म्हणून शेवटचा अंतरा खाली बसत जाई. हेडमास्तरांनी वीस वर्षं दाद दिली ती ग्रीस वाळल्याला.

तुम्ही हसाल, मीही हसलो. पण हसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. घराण्यांच्या ज्या खास जागा म्हणून आपण माना डोलावतो त्यांतल्या कितीएक कुणाच्या तरी पडलेल्या दातातून, दम्यातून किंवा खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीतून आल्या असतील. आत्याने ती ओळ साठ-पासष्ट वर्षं दोनदा गायली आहे. दुसऱ्या वेळी ती जरा मऊ घेते. तबकडी काही मऊ घेत नव्हती. ते तिचं स्वतःचं आहे. खोट म्हणावी तर एवढी सुंदर खोट मी दुसऱ्या कुणाच्या गाण्यात ऐकलेली नाही.

तेव्हा दुरुस्ती म्हणजे नेमकं काय दुरुस्त करायचं, हा पेच मी मिस्त्रीपुढे ठेवला. हा मिस्त्री गिरीजचा. मूळ काम शिलाई मशीनचं, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि ग्रामोफोन दुरुस्त करणारा वसई तालुक्यात मला सापडला तो हाच एक. त्याने पेटी उघडली. आतलं ग्रीस जुन्या हिंगासारखं दगड झालेलं, साउंडबॉक्समधलं रबर पापडासारखं कडक, आणि वसईच्या खाऱ्या वाऱ्याने स्क्रू एकजीव झालेले. साडेचार हजार सांगितले, नवीन स्प्रिंगसकट. मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण वेग कुठे लावणार? बरोबर अठ्ठ्याहत्तरवर लावला तर बालगंधर्व बरोबर येतील आणि आत्याचं गाणं सुटेल. जुन्यासारखा ढिला ठेवला तर आत्या बरोबर आणि बालगंधर्व चूक." भूमिका फार तात्त्विक होती, मला स्वतःलाच बरी वाटली. मिस्त्रीने थाळीच्या कडेचा गंजलेला काटा पक्कडीने हलवून दाखवला. म्हणाला, "साहेब, हा वेगाचा काटा. इकडे केला की जलद, तिकडे केला की हळू. खाली गव्हर्नरच्या चकतीवर चामड्याची पट्टी घासते, तिचा दाब कमीजास्त होतो. हा जाम झालाय एवढंच. मोकळा करून देतो, मग दोघांना पाहिजे तिथे लावा. भांडता कशाला?"

मंडळी, ज्या प्रश्नावर मी तीन आठवडे झोप उडवून घेतली होती त्याचं उत्तर कारखान्यातूनच पेटीला बसवून आलेलं होतं.

ग्रामोफोन गेल्या महिन्यात वाजता झाला. थाळीवर कागदाचा कपटा ठेवून अर्ध्या मिनिटात एकोणचाळीस फेरे येतात का ते आम्ही मोजलं. मुलगा घड्याळाकडे बघत होता आणि आत्या मोठ्याने आकडे म्हणत होती. केसरबाईंची आणि चांगल्या स्थितीतल्या बाकीच्या तबकड्या एका जाणत्या संग्राहकाकडे उतरवून घ्यायला दिल्या आहेत. त्या या यंत्राच्या दाताखाली आता द्यायच्या नाहीत असं ठरलं. घरात वाजवायला ती चिरेची तबकडी आणि आधीच झिजलेल्या पाचसहा ठेवल्या. चिरेपाशी दांडी कुणी ढकलायची यावरून नवा वाद होता, तो आत्याने भाच्याच्या बाजूने निकालात काढला. त्याचं बोट अजून फार घाईत असतं.

नवीन पिना चोरबाजारातून मेव्हण्यानेच आणून दिल्या. डबीत दोनशे, अशा दोन डब्या. एका बाजूला एक पिन. आत्याने डब्या हातात घेऊन वजन पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "रोज एक म्हटली तर वर्षभर जाईल. पुढच्या वर्षीच्या आजच सांगून ठेव त्याला, ऐनवेळी मिळत नाहीत."